नाना, विराटवरून गेलेल्या त्या विमानाबद्दल

येओव्हिल, सॉमरसेट
४ मे

ती. नाना यांस,
शि. सा. नमस्कार.

बोअर आटलं आणि पुन्हा टँकर सुरू झाला, हे आईनं सांगितलं. तुरीचे पैसे आले असतील तर नव्या मोटरीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी डोळ्याचं ऑपरेशन उरकून घ्या. बाकी घरचं रविवारी फोनवर बोलू. आज वेगळं लिहायचंय.

येळवसीला रानात भज्जी-आंबील झाली की तुम्ही लेकरांना तुमच्या विराटच्या, आपल्या नौदलाच्या त्या विमानवाहू जहाजाच्या, गोष्टी सांगायचात. आपल्याकडं यायच्या आधी ती इंग्रजांची 'हर्मीस' होती आणि अर्जेंटिनाशी झालेली फॉकलंड बेटांची लढाई लढून आली होती, हे औशाच्या आमच्या वर्गात फक्त मला ठाऊक होतं. आता नोकरीनं मला जिथं आणून टाकलंय, तिथून येओव्हिल्टनचा नौदलाचा विमानतळ अगदी जवळ आहे. जहाजावरून उडणाऱ्या सी हॅरियर या लढाऊ विमानांचं घर होतं ते हेच. आपल्या नौदलाचे पहिले सी हॅरियर वैमानिकही इथूनच शिकून गेले. त्यामुळं इथं आल्यापासून मी हर्मीसबद्दल मिळेल ते वाचतेय, आणि वाचता वाचता ४ मे १९८२ वर अडकलेय.

त्याच्या तीन दिवस आधी, १ मेला, हर्मीसवरची विमानं फॉकलंडमधल्या, अर्जेंटिनानं घेतलेल्या स्टॅन्ली आणि गूज ग्रीनच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकून आली. जहाजावर बीबीसीचे ब्रायन हॅनराहन होते. किती विमानं गेली ते सांगायची त्यांना परवानगी नव्हती. म्हणून ते म्हणाले, जाताना मी सगळी मोजली आणि येताना सगळी मोजली. हे वाक्य इथं अजूनही लोकांच्या तोंडात आहे.

४ मेला मात्र हिशेब चुकला. तीन सी हॅरियर पुन्हा गूज ग्रीनच्या धावपट्टीवर गेली. क्लस्टर बॉम्ब टाकायचे म्हणजे खूप खालून, सरळ रेषेत उडावं लागतं, आणि खाली अर्जेंटिनाच्या ३५ मिलिमीटरच्या जुळ्या नळ्यांच्या, रडारवर चालणाऱ्या तोफा होत्या. लेफ्टनंट निक टेलर यांच्या विमानाला गोळे लागले आणि ते धावपट्टीजवळ कोसळलं. त्यांना बाहेर पडता आलं नाही. लढाईत पडलेलं ते पहिलं सी हॅरियर. एक्सझेड ४५० हा त्याचा नंबर, आणि २० ऑगस्ट १९७८ ला या जातीचं जे पहिलं विमान आकाशात उडालं, ते हेच होतं.

त्याच दिवशी इंग्रजांच्या 'शेफील्ड' या युद्धनौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं आणि २० जण गेले. जगानं तेच लक्षात ठेवलं, आणि ठेवायलाच हवं होतं. पण त्यात टेलर मागं पडले, याचं मला फार वाईट वाटतं.

सुरुवातीला हर्मीस आणि 'इन्व्हिन्सिबल' या दोन्ही विमानवाहू जहाजांवर मिळून सी हॅरियर होती २० च. ६ मेला खराब हवेत 'इन्व्हिन्सिबल'वरची आणखी दोन बेपत्ता झाली. जवळपास दुसरा तळ नव्हता, आरमाराच्या डोक्यावरचं छप्पर म्हणजे एवढीच विमानं. म्हणून टेलर गेल्यावर सी हॅरियरनी तोफांच्या तोंडावर खालून जायचं बंद केलं आणि बॉम्ब उंचावरून टाकायला सुरुवात केली. पुढं तिथं आणखीही सी हॅरियर गेली, पण हवेतल्या झुंजीत एकही पडलं नाही. ४ मेला गूज ग्रीनवर गेलेल्या तिघा वैमानिकांतले दुसरे एक, गॉर्डन बॅट, त्याच महिन्यात हर्मीसवरून रात्री उड्डाण केल्यावर समुद्रात गेले.

आणि नाना, टेलर यांचं दफन केलं ते अर्जेंटिनाच्या लोकांनी, लष्करी मानवंदना देऊन. १ मेच्या हल्ल्यात गूज ग्रीनवर त्यांचा एक वैमानिक आणि जमिनीवर काम करणारी माणसं मेली होती. त्याला तीनच दिवस झालेले. तरी त्यांनी हे केलं. कबर अजून तिथंच आहे, धावपट्टीच्या कडेला. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले.

तुम्ही एअरक्राफ्ट हँडलर. विमान स्की जंपकडं, म्हणजे डेकच्या टोकाच्या चढाकडं, सोडायचं आणि आलेलं जागेवर लावायचं, हेच तुमचं काम. डेक तोच, ज्याच्यावरून टेलर गेले. तुमच्या गोष्टींत विमानं नेहमी परत यायची. पण आपलीही सी हॅरियर अपघातात गेली, वैमानिक गेले, हे मी मोठेपणी वाचलं. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. आम्ही लेकरं होतो म्हणून असेल. आता विचारते. एक विमान यायचं नाही असं कळल्यावर डेकवर काय होतं? त्याची जागा मोकळी ठेवतात का? पुढचं विमान सोडायला हात कसा उचलतो? अलंगच्या जहाजतोडणीत विराटचे तुकडे झाले तेव्हा तुम्ही दोन दिवस कोणाशी बोलला नाहीत, असं काकू म्हणाल्या. त्यात हे सगळं होतं का?

डोळे दुखत असताना लिहीत बसू नका. संध्याकाळी ऊन उतरलं की दादाला मोबाइल घेऊन बसवा आणि बोला. तो रेकॉर्ड करून मला पाठवील. त्याच्या लेकरांनाही जवळ बसू द्या, ती आता आम्ही होतो त्यापेक्षा मोठी झालीत. तुम्हाला नको वाटलं तर तसं सांगा, मी पुन्हा विचारणार नाही.

आईला आणि काकूंना नमस्कार. ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, त्या आठवड्यात मी रजा टाकून येते.

तुमची,
माई