खोकला आता कमी आहे

हॅनोव्हर, जर्मनी,
रविवार रात्र

प्रिय आई,

शि. सा. नमस्कार. हे पत्र बाबांना आणि आजीलाही वाचून दाखव.

खोकला खरंच कमी आहे. परवा फोनवर ठसका लागला तो थंडीतून नुकतीच घरात आले होते म्हणून. तेवढ्यावरून तू रात्रभर जागलीस, असं दादा म्हणाला. असं करू नकोस गं.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही म्हणून तू चिडलीस, पण त्यांनी छाती नीट तपासली, साफ आहे. साध्या खोकल्याला इथे लगेच अँटिबायोटिक देत नाहीत. विश्रांती घ्या आणि चहा प्या म्हणतात. हा चहा म्हणजे काय, ते सविस्तर सांगते, नाहीतर तुला वाटेल मला कुणी विचारत नाही.

त्यात चहाची पत्तीच नसते. दूधही नाही. पुदिना, कॅमोमाइलची फुलं, बडीशेप, काहीही गरम पाण्यात टाकलं की त्याला ही माणसं चहाच म्हणतात. आणि तो औषधाच्या दुकानातही मिळतो! काउंटरवरच्या बाईंनी मला बडीशेप, तिच्याच जातीचं बारीक अनीस आणि शहाजिरे असं मिश्रण १०० ग्रॅम तोलून कागदी पिशवीत दिलं. आजीला सांग, इथे बाळंतिणीला दूध यावं म्हणून हेच तीन जिन्नस देतात, आपल्या बाळंतशोपांसारखे.

करायची रीत मात्र कडक. पाणी खळखळ उकळायचं, पण पाला किंवा दाणे त्यात उकळायचे नाहीत. वरून पाणी ओतायचं, कपावर बशी झाकायची आणि १० मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. मग बशीला आतून धरलेलं पाणी कपातच झटकायचं. वासाचं तेल वाफेबरोबर उडतं, ते त्या थेंबांत असतं. मी आधी आपल्यासारखा पुदिना उकळला, तर वासच राहिला नाही. मुळं आणि साली मात्र बहुतेक वेळा उकळाव्या लागतात, आपल्या काढ्यासारख्या.

बडीशेप अख्खीच घ्यायची आणि करायच्या वेळी ठेचायची. खलबत्ता नाही, मी वाटीच्या बुडाने ठेचते. काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवलेली फुलं महिन्याभरात फिकी पडली, म्हणून आता पत्र्याचा डबा, तोही शेगडीपासून लांब. मिश्रणातले बारीक दाणे तळाला बसतात, म्हणून काढण्याआधी डबा हलवायचा. रात्री ठेचताना तुझ्या मसाल्याच्या डब्याचा वास येतो. बस, बाकी सगळं छान आहे.

शुक्रवारी ८०,००० पाठवलेत. त्यातून कर्जाचा हप्ता जाऊ दे, उरलेले बाबांच्या डोळ्याला. बाबा, लेन्समध्ये काटकसर करू नका, मी पाठवते आहे ना. कराडच्या स्थळाला माझा फोटो गेल्याचं दादाकडून कळलं. रागावले नाही, पण आई, मला आधी विचारायचं होतंस. ऑपरेशन झालं की बोलेन मी त्यांच्याशी, नक्की.

दिवाळी चुकली, संक्रांतीलाही जमत नाही. मे महिन्याचं तिकीट काढते. गेल्या वर्षीही हेच म्हटलं होतं, माहीत आहे मला.

ऑपरेशनच्या दिवशी दादा तिथे असेल, मी नसेन. त्या दिवशी मी रजा टाकली आहे. फोन जवळ ठेव.

तुझी,
मनू