‘मुलं कशी आहेत?’ एवढा मेसेजही गुन्हा ठरतो

संपादक महोदय,

नवऱ्याने पत्नीशी कसलाही संपर्क ठेवू नये, असा न्यायालयाचा आदेश असतो. रात्री अकराला त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येतो, ‘मुलं कशी आहेत?’ ती पोलीस ठाण्यात जाते, तर ऐकावं लागतं, ‘यात धमकी कुठे आहे? कोर्टात जा.’ हे साफ चूक आहे. धमकी असो वा नसो, संपर्काला मनाई आहे. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १८ मध्ये भेट, पत्र, फोन, इलेक्ट्रॉनिक संपर्क सगळं येतं. असा आदेश मोडल्यास कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंतरिम संरक्षण आदेशालाही हेच लागू. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा, आणि अजामीनपात्र आहे. नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून बाईला परत पाठवता येत नाही.

खटला ढासळतो तो कागदांवर. ‘आदेश मला मिळालाच नाही’, हा आरोपीचा पहिला बचाव. म्हणून बजावणीचा अहवाल, म्हणजे आदेश त्याच्या हाती दिल्याची नोंद, जपून ठेवावा. कलम २४ नुसार आदेशाची प्रत पोलीस ठाण्याला विनामूल्य जाते; ती पोचली का हे स्वतः पाहावं आणि आवक क्रमांक लिहून घ्यावा. मेसेज पुसू नये, मूळ फोन बदलू नये; स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. मुळात अर्जातच संपर्कबंदी स्पष्ट मागावी. नुसता पोटगीचा किंवा निवासाचा आदेश मोडला तर कलम ३१ लागतं का, यावर न्यायालयांत मतभेद आहेत. तिने एखाद्या मेसेजला उत्तर दिलं म्हणून आदेश संपत नाही. तो रद्द व्हायला तिने अर्ज करावा लागतो, किंवा परिस्थिती बदलल्याचं दाखवून दोघांपैकी कुणाच्या अर्जावर दंडाधिकाऱ्यांनी तो बदलावा वा रद्द करावा लागतो.

परका पुरुष पाठलाग करत असेल तर मात्र या कायद्याचा आधार नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ : तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण पहिल्या वेळी गुन्हा जामीनपात्र. अजामीनपात्र ठरायला आधी दोषसिद्धी लागते, तक्रारी कितीही असोत. ठाण्यातून जामिनावर सुटलेला माणूस संध्याकाळी पुन्हा तिच्या बसथांब्यावर उभा राहू शकतो. अशा मुलींनाही दंडाधिकाऱ्यांकडून थेट संपर्कबंदीचा आदेश मागता यावा आणि तो मोडणाऱ्याला कलम ३१ सारखीच शिक्षा असावी, अशी दुरुस्ती राज्य सरकारने विधिमंडळात आणावी.

— एक वकील, सातारा