माउथगार्ड मापाचंच करून घे

कोल्हापूर,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझा प्रश्न अर्धाच राहिला, बाहेर पेशंट खोळंबले होते. आज निवांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो. धाकटीची हॉकीच्या संघात निवड झाली हे ऐकून फार आनंद झाला. आता पिंपरीतल्या नेहरूनगरच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीवर, रोजचा सराव, म्हणजे तोंडासमोर रोज स्टिका आणि चेंडू. हा चेंडू टणक प्लास्टिकचा, १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे वजनाला क्रिकेटच्या लेदर बॉलएवढाच. माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर बसवायचं मऊ प्लास्टिकचं कवच, ऑनलाइन चार-पाचशेत मिळतं, मग दंतवैद्याकडे माप देऊन करून घेण्यात एवढं काय आहे, असं तू विचारलंस. माझं उत्तर एकच आहे: मापाचं असेल तर पोर ते तोंडात ठेवते. नसेल तर ते पाकिटात किंवा मोज्यात जातं, आणि मार बसायचा तो दातांनाच बसतो.

आधी ते करतं काय, हे सांगतो. खेळात सगळ्यात जास्त मार बसतो तो वरच्या पटाशीच्या दातांना. तुझ्या लेकीचे हे दात जरा पुढे आहेत, दिवाळीत आली होती तेव्हाच मी बघितलं होतं. अशा मुलांना धोका आणखी जास्त. माउथगार्ड त्या एका दातावर येणारा दणका शेजारच्या दातांवर आणि हिरडीवर पसरवतं. ओठ आणि दात यांच्यामध्ये गादी राहते, त्यामुळे ओठ आतून फाटत नाही. हनुवटीला खालून फटका बसला तर वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर आपटून त्यांचे कंगोरे उडतात, तेही वाचतात. मेंदूला बसणारा हादरा माउथगार्डने टळतो, असं काही जाहिरातींत म्हटलेलं असतं. त्यावर विसंबू नकोस, ते नीट सिद्ध झालेलं नाही. दात, ओठ आणि जबडा यांच्यासाठी मात्र ते घ्यायलाच हवं.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक अगदी तयार, ते दात आवळूनच तोंडात धरावं लागतं. त्याचा विचारही करू नकोस. दुसरं गरम पाण्यात मऊ करून चावायचं, तू बघितलंस ते हेच. मूल ते मऊ असताना जोरात चावतं, आणि जिथे चावतं तिथेच ते दबून पातळ होतं. म्हणजे जाडी जिथे हवी तिथेच नाही, आणि टाळूकडे नुसता ढीग. त्या ढिगामुळे उमळून येतं, लाळ सुटते, बोलता येत नाही.

आम्ही करतो ते असं. अल्जिनेटने, म्हणजे पाण्यात कालवली की रबरासारखी घट्ट होणाऱ्या पावडरीने, वरच्या जबड्याचं माप घ्यायचं, दोन-तीन मिनिटांचं काम. त्यात डेंटल स्टोन, म्हणजे टणक होणारं प्लास्टर, ओतून दातांचा साचा करायचा. मग ईव्हीए नावाच्या प्लास्टिकची चकती यंत्रात तापवायची. ती मऊ होऊन मधोमध झोळीसारखी लोंबायला लागली की साच्यावर उतरवायची. काही ठिकाणी नुसत्या व्हॅक्यूमने ओढून घेतात. पण दाबाच्या हवेने एकावर एक दोन थर बसवणारं यंत्र ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच जा. थर दोन असले की जाडी आपल्या हातात राहते: समोर, ओठाच्या बाजूला साधारण ३ मिलिमीटर, चावण्याच्या जागी आणि टाळूकडे २. मग कडा कापायच्या. वरच्या ओठाची मधली शीर जिथे हिरडीला मिळते तिथे खाच ठेवायची, नाहीतर तासाभरात तिथे सोलतं. शेवटी तोंडात बसवून तिला हळूच दात मिटायला सांगतात आणि खालचे दात दोन्ही बाजूंनी एकदमच टेकतात ना, ते तपासतात. हे तपासणं कुणी घाईत उरकत असेल तर तू तिथेच थांबव. एका बाजूला आधी टेकलं की जबडा दुखतो आणि पोरगी ते काढून टाकते.

नीट बसलेलं माउथगार्ड तोंड उघडलं तरी पडत नाही, दातांना आपसूक धरून राहतं. हॉकीत पोरी सतत ओरडतात, "मागे बघ", "सोड", "माझा". धापा टाकत पळतात. तोंडात धरून ठेवावं लागणारं काही असेल तर यातलं एकही जमत नाही, मग प्रशिक्षकांनी कितीही बजावलं तरी पाठ वळली की ते बाहेर. लहान मुलांना मी याबद्दल कधीच दोष देत नाही. ज्या वस्तूने श्वास कोंडतो ती त्यांनी का घालावी?

घातलं की फरक पडतो, हे न्यूझीलंडच्या रग्बीत दिसलं. तिथे १९९७ ला एकोणीस वर्षांखालच्यांना आणि १९९८ पासून देशातल्या सगळ्याच गटांना सामन्यात माउथगार्ड सक्तीचं केलं. १९९५ ते २००३ या काळात रग्बीतल्या दातांच्या दुखापतींचे भरपाईचे दावे ४३ टक्क्यांनी उतरले. आपल्याकडे अजून मुष्टियुद्धासारख्या खेळांबाहेर फारसं कुणी आग्रह धरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. खरं तर मुष्टियोद्ध्यांसाठी लंडनच्या वुल्फ क्राउझ या दंतवैद्याने गटापर्चाची (झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरासारख्या पदार्थाची) पट्टी १८९० मध्येच करून दिली होती.

इथे शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे एखादा तरी पोरगा तोंड धरून येतोच. मागच्या हंगामात एक आला, पंधरा-सोळा वर्षांचा. कोपर लागून वरचा दात मुळासकट बाहेर. मित्रांनी तो शोधला होता, पण रुमालात पुसून, गुंडाळून, दोन तासांनी आणला. मुळावरचा ओला पापुद्रा वाळून गेलेला. आम्ही दात परत बसवला, पण तो फार वर्षं टिकणार नाही हे त्याच्या आईला सांगावं लागलं. वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, बसवता येत नाही, तोवर तात्पुरत्या दाताची सोय, आणि तपासणीसाठी सतत फेऱ्या. मापाचं माउथगार्ड ऑनलाइनच्या कैक पट महाग पडेल हे खरं, पण या सगळ्या खर्चापुढे ते काहीच नाही.

हे मात्र प्रशिक्षकांनाही सांग: कायमचा दात पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. मळला असेल तर दुधात किंवा पाण्यात क्षणभर विसळून लगेच जागेवर बसवायचा आणि रुमाल चावून धरायला सांगायचं. बसवायला हात धजावला नाही तर थंड दुधात टाकून धावत दवाखाना गाठायचा, अर्ध्या तासात पोचलं तर उत्तम. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही. मैदानाजवळच्या टपरीवर दूध असतंच.

तुझी लेक अकराची, म्हणजे सुळे आणि मागच्या दाढा अजून येतायत. दंतवैद्याला हे आठवणीने सांग, साच्यावर येणाऱ्या दातांसाठी थोडी जागा सोडता येते. तरीही वर्षाने नवं करावं लागेल, ही तयारी ठेव. पुढे तारा लावायचं ठरलं तर आधी माझ्याशी बोल, त्यासाठी माउथगार्ड वेगळ्या पद्धतीने करावं लागतं. खेळून झालं की गार पाण्याने धुऊन, ब्रशने घासून, भोकं असलेल्या डबीत ठेवायचं. गरम पाणी नको आणि उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको, आकार बिघडतो. चावून चावून कडा फाटल्या तर हंगाम संपायची वाट बघू नका.

नवं हातात येईपर्यंत ते उकळून चावायचं घेतलं तरी चालेल, मोकळ्या तोंडाने खेळण्यापेक्षा ते बरं. माप द्यायला जाताना तिला भरल्या पोटी नेऊ नकोस आणि नाकाने श्वास घ्यायचा सराव घरीच करून घे. पिंपरीत हे काम करणारा माझा एक वर्गमित्र आहे, त्याचा नंबर रात्री पाठवतो. वहिनींना नमस्कार. माउथगार्डचा रंग लेकीलाच निवडू दे.

तुझाच,
कोल्हापूरचा दातवाला