बोट टोचावे की दंडावर सेन्सर लावावा?

नाशिक,
दि. २० फेब्रुवारी २०२५

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पहाटे तीनच्या सुमारास तू घामाने चिंब होऊन असंबद्ध बोलू लागलास, वहिनींनी बोट टोचून पाहिले तर रक्तातली साखर ४८, म्हणजे फारच खाली निघाली, आणि तुला नीट गिळता येते आहे एवढी खात्री करून घेऊन त्यांनी घोट घोट साखरेचे पाणी पाजले, हे वाचल्यावर मी बराच वेळ पत्र हातात घेऊन नुसता बसून राहिलो. डॉक्टर तुझ्या मधुमेहासाठी दंडावर चिकटवायचा आणि साखरेचा आलेख फोनवर दाखवणारा सेन्सर लावायला सांगतात, पण इतकी वर्षे बोट टोचून निभावले असताना हा खर्च कशाला, असे तू विचारतोस. मी जानेवारीत चौदा दिवस सेन्सर लावून पाहिला आहे, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो : तू तो घ्यावास, आणि मी पुन्हा घेणार नाही.

सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही, हे मला लावून होईपर्यंत ठाऊक नव्हते. त्याचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली पेशींभोवतीच्या द्रवात असतो, आणि रक्तातल्या साखरेतला बदल त्या द्रवात उतरायला साधारण पाच ते पंधरा मिनिटे लागतात. तू नाशिकचे पावसाळे पाहिले आहेस, तेव्हा तुला हे पटकन कळेल. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की आपण गोदावरीला पूर आला म्हणतो, पण ते पाणी गंगापूर धरणातून बऱ्याच आधी सुटलेले असते, आणि मारुती बुडत असताना वर धरणावर विसर्ग कमीही केलेला असू शकतो. साखर स्थिर असते तेव्हा हा उशीर जाणवत नाही. ती झपाट्याने चढत किंवा उतरत असते तेव्हा मात्र तो महत्त्वाचा ठरतो. उद्या तुझी साखर उतरली, तू तीन चमचे साखर खाल्लीस आणि पंधरा मिनिटांनी सेन्सरकडे पाहिलेस, तर तो अजून ६० च दाखवत असेल. मग घाबरून आणखी साखर खाल्लीस की तासाभरात २५० होणार. त्या वेळी बोटच टोचायचे. जीव घाबरा झाला आहे आणि सेन्सर मात्र सगळे ठीक म्हणतो आहे, अशा वेळीही बोटच.

अर्थात बोटही खोटे बोलते. मागच्या आठवड्यात दिंडोरीच्या बागेत सकाळभर घड उतरवले, घरी आलो, हात न धुता बोट टोचले, तर यंत्राने २८६ दाखवले. छातीत धस्स झाले. मग साबणाने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा पाहिले, तर १४२. बोटाला लागलेला द्राक्षाचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता, आणि नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून तो पुरता जात नाही. हात धुतले तरी यंत्र काही तोळामासा मापत नाही. १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्के इकडेतिकडे झालेले आंतरराष्ट्रीय मानकालाही चालते. म्हणून सेन्सर १५८ म्हणतो आणि बोट १७० म्हणते, यावर वहिनींशी वाद घालत बसू नकोस.

सेन्सरने मला एक गोष्ट दाखवली, जी बोटाने कधी दाखवली नसती. मी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी पाहणारा माणूस. माझे आकडे सोज्वळ असत आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी मात्र ७.४ टक्के, म्हणजे चढी. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि पाऊण तासात आलेख असा उभा चढला की मी फोन उलटा करून ठेवला. कॉलेज रोडवरच्या मिसळीने, एका पावाबरोबर, त्याच्या निम्माही उत्पात केला नाही. इतकी वर्षे मी मिसळीला पाप आणि खिचडीला पुण्य समजत होतो! पण हे एकदा कळले की कळले. माझी साखर गोळ्यांवर आहे, त्या गोळ्यांनी ती सहसा फार खाली जात नाही, आणि खिचडी सोडायला दर पंधरवड्याला साडेचार-पाच हजार रुपये मोजण्याची गरज नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा बोट टोचून, यंत्राच्या वीस-पंचवीस रुपयांच्या पट्टीवर, माझे भागते.

तुझे तसे नाही. तू वीस वर्षे इन्सुलिनवर आहेस, आणि इतक्या वर्षांनी साखर उतरल्याची सूचना शरीर अनेकदा उशिरा देते किंवा देतच नाही. त्यात रक्तदाबाची तुझी गोळी बीटा ब्लॉकर जातीची असेल तर धडधड आणि थरथर दाबली जाते. घाम तेवढा उरतो, आणि झोपेत घाम कोणाला कळतो? माझ्या वडिलांच्या काळी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी उकळून ती हिरवी होते की विटकरी, एवढेच पाहत. साखर १८० च्या आसपास गेल्याखेरीज ती लघवीत उतरतच नाही, त्यामुळे खाली गेलेली साखर त्यांना कधी दिसलीच नाही. बोटाने ती दिसते, पण तू टोचशील त्याच क्षणी. पहाटे तीनला तू रोज उठून टोचणार आहेस का?

म्हणून सेन्सर घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो किमतीचा नव्हे, गजराचा. पहिल्या पिढीच्या काही सेन्सरांना स्वतःहून वाजता येत नाही, फोन जवळ नेला तरच ते आकडा देतात; तसला तुझ्या काही कामाचा नाही. ७० च्या खाली गेल्यावर वाजेल आणि वहिनींच्या फोनवरही कळवेल, असाच माग. आपल्यासारख्या उतारवयातल्या इन्सुलिनवाल्या माणसाची साखर दिवसातून एक टक्क्याहून कमी वेळ, म्हणजे पंधरा मिनिटांहून कमी, ७० च्या खाली असावी असे तज्ज्ञांचे सर्वमान्य सूत्र आहे. त्या बदल्यात वरच्या बाजूला ते आपल्याला बरीच सवलत देतात. पंधरवड्याचा आलेख डॉक्टरांपुढे ठेव, म्हणजे रात्रीच्या डोसाचे काय करायचे ते त्यांना अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

आता माझ्या फजितीवरून दोन-तीन सूचना. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर विसंबू नकोस, सेन्सरला स्थिरावायला वेळ लागतो. ज्या दंडावर तो आहे त्या कुशीवर झोपू नकोस. मी झोपलो, रात्री दोनला ५८ दिसले, सगळे घर जागे केले, आणि बोटाने १०४ सांगितले. सर्दी झाली की व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळायची तुझी सवय आहे, पण त्यांच्या मोठ्या मात्रेने काही सेन्सर फुगवलेला आकडा दाखवतात, तेव्हा सोबतची माहितीपत्रिका आधी वाच. आणि बागेत येशील तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घाल. माझा सेन्सर सातव्या दिवशी मांडवाच्या तारेत अडकला आणि निघता निघता राहिला.

पट्ट्यांची डबी मात्र उशाशी राहू दे, आणि तिचे झाकण घट्ट लाव.

द्राक्षांची पेटी उद्याच्या गाडीने पाठवतो आहे. ती वहिनींच्या नावाने आहे, हे ध्यानात घे. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सेन्सर लावलास की पहिल्या रात्रीचा आलेख मला पाठव.

तुझा,
माधव