धुण्याच्या यादीतला पुरावा

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. डिटेक्टिव्ह कादंबऱ्या म्हणजे नुसती कोडी, गुन्हेगार कळला की पुस्तक रद्दीत, असं तू लिहिलं आहेस. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

आधी एक खरी घटना ऐक. इंग्लंडच्या विल्टशर आणि सॉमरसेट परगण्यांच्या सीमेवर रोड नावाचं गाव आहे. १८६० च्या जूनअखेरीस तिथल्या केंट कुटुंबातला सॅव्हिल हा चिमुरडा रात्री पाळण्यातून नाहीसा झाला आणि सकाळी आवारातल्या संडासात गळा चिरलेला सापडला. चार वर्षंही पुरी झाली नव्हती त्याला. गुन्हेगार घरातलाच असणार हे उघड होतं. स्थानिक पोलिसांनी पहिल्याच दिवशी घोळ घातला. स्वयंपाकघरातल्या बंबाखाली त्यांना रक्ताळलेलं एक बायकी वस्त्र मिळालं. जिचं आहे ती न्यायला येईल म्हणून ते तिथेच ठेवलं, आणि ते गेलं! पुढे त्यांनी ही गोष्टच दाबून टाकली.

पंधरा दिवसांनी स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर आला. यार्डची गुप्तहेर शाखा १८४२ मध्ये अवघ्या आठ जणांनिशी सुरू झाली, त्यांतला हा एक. माळ्याचा मुलगा. त्याचं लक्ष गेलं ते धोब्याकडच्या यादीवर. सॅव्हिलची सावत्र बहीण कॉन्स्टन्स, वय १६, हिचे रात्री घालायचे झगे तीन. हाती लागत होते दोन. तिसरा धोबिणीने हरवला, असं ती सांगत होती. खुनानंतरच्या सोमवारी मोलकरीण मळके कपडे मोजून टोपलीत भरत असताना कॉन्स्टन्स तिथे आली. माझ्या परकराच्या खिशात पाकीट राहिलंय का बघ, म्हणाली. मग पेलाभर पाणी मागितलं. मोलकरीण पाणी आणायला खाली गेली. तेवढ्यात यादीत चढलेला झगा हिने टोपलीतून परत काढला, म्हणजे आधीच नष्ट केलेल्या झग्याचा आळ धोबिणीवर जाईल, असा व्हिचरचा तर्क. अवि, मला हा तर्क वाचून अक्षरशः थरारायला झालं. पेलाभर पाणी, आणि त्यात अख्खा खटला!

पण झगा मिळाला नाही. मुलगी आठवड्याभरात सुटली, आणि खालच्या थरातला एक पोलीस प्रतिष्ठित घरातल्या मुलीचे कपडे चिवडतो म्हणून वर्तमानपत्रांनी व्हिचरला फाडून खाल्लं. १८६४ मध्ये त्याने नोकरी सोडली. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून कबुली दिली. फाशीची जन्मठेप झाली, वीस वर्षांनी ती सुटली. व्हिचरचं गेलेलं नाव मात्र कोण भरून देणार?

म्हणून मला विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी मोलाची वाटते. ती १८६८ ची, म्हणजे कबुलीला तीनच वर्षं झालेली. त्यातला गुप्तहेर सार्जंट कफ व्हिचरवरूनच बराचसा बेतलेला आहे. तोही धुण्याची वही मागतो, तोही एका गायब झग्याच्या मागे लागतो. फक्त रक्ताच्या जागी दरवाजाच्या ओल्या रंगाचा डाग, आणि खुनाच्या जागी हिऱ्याची चोरी. (हिरा श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीतला, त्यावर भेटलो की बोलू.) आधीचा पोलीस अधिकारी त्या डागाला क्षुल्लक म्हणतो, आणि कफ त्याच डागापाशी थांबून रंग कधी वाळला इथपासून सुरुवात करतो. घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांची झडती घेऊ द्या म्हणतो. घरची बाकीची मंडळी तयार, लेक मात्र साफ नकार देते. रोडच्या घरातली कोंडी कॉलिन्सने इथे जशीच्या तशी पकडली आहे. कफचाही पहिला अंदाज चुकतो. लेखकाने त्याला सर्वज्ञ केलं नाही, हे मला फार आवडलं.

आता सांग, यात कोडं किती उरलं? कोणाची पेटी उघडायची, कोणाची नाही, आणि हे ठरवतो कोण, यावर सगळं पुस्तक उभं आहे. गुन्हेगार मला आधीपासून ठाऊक होता, तरी दुसऱ्यांदा वाचताना ते हातून सुटलं नाही.

माझी प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. निदान कफ येऊन जाईपर्यंत तरी वाच आणि मग भांड माझ्याशी. दिवाळीत येतोयस ना?

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
मोहन