मन्या, एसी हॉल नको रे

सिडको, नाशिक
२७ मे २०२१

प्रिय मन्या,

ताईच्या लग्नाचं कळलं, फार भारी वाटलं, तिला सांग. आणि तू टोमणा मारलायस की कोरोनाबद्दल शास्त्रज्ञांचंच आज एक उद्या एक चाललंय तर आपण कशाला डोकं लावायचं, तेही वाचलं. खरंय ना, डब्ल्यूएचओ मागच्या वर्षी आधी म्हणाली सगळ्यांनी मास्क लावायची गरज नाही आणि जूनमध्ये म्हणाली लावा, कोविशिल्ड लसीच्या दोन डोसमधलं अंतर आता १२ ते १६ आठवडे झालंय म्हणून बाबांचा दुसरा डोस लांबला, वैताग येतोच.

पण मी आता एवढंच बघतो, की आपलं चुकलं तर काय जाणार? खिडकी उघडी ठेवून उपयोग नाही झाला तर फार तर डास येतील (सिडकोतले डास, म्हणजे तेही काही कमी नाहीत म्हणा). मास्कचंही तसंच. असल्या गोष्टींना पक्क्या पुराव्याची वाट कशाला बघायची? गोळ्यांचं मात्र बरोबर उलटं आहे. ती स्टिरॉइडची पाकिटं "असू दे घरात" म्हणून आणलीयस ना, ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणालाही देऊ नको. इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये (कोरोनावरच्या औषधांची चाचणी) डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने जीव वाचले ते ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे, ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. त्यात काकूंना शुगर, स्टिरॉइडने ती अजून चढते, आणि म्युकरचं, म्हणजे त्या काळ्या बुरशीचं, काय चाललंय ते तू रोज वाचतोयसच.

आता हॉल. २५ माणसं आणि दोन तास हा नियम तुम्ही पाळताय, मान्य, पण दारं लावून एसी चालू केला की सगळे तीच हवा घेणार. २० तारखेला केंद्राच्या वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसने सांगितलंय की बारीक एरोसोल, म्हणजे श्वासातून हवेत उडणारे सूक्ष्म थेंब, १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, मग दोन खुर्च्या लांब ठेवून काय होणार? मार्चअखेरीस इथे बाजारात शिरायला पोलीस तासाचं ५ रुपयांचं तिकीट फाडत होते, लोक हसले, पण गर्दीत किती वेळ थांबतोय हा मुद्दा त्यांनी बरोबर धरला होता.

गंगापूर रोडला एवढी लॉन्स रिकामी पडलीयत, एखादं बघ की. गोरज मुहूर्त धरला तर ऊनही उतरलेलं असतं. परवानगीचं तेवढं आधी विचारून घे.

लॉन्स असेल तर मी एकटा येतो, आईबाबांना नाही आणणार. हॉलच ठरला तर अक्षता व्हिडिओ कॉलवर टाकीन, रागावू नको. जेवायला काही थांबत नाही, मास्क काढावा लागतो, डबा बांधून दे आणि मठ्ठा वेगळ्या बाटलीत.

काय ते रविवारपर्यंत कळव.

तुझा,
पक्या