तू ‘हं, छान’ म्हणालास त्यानंतर

भायखळा, मुंबई

चि. अभिषेक यास,
प्रभू येशूच्या नावाने अनेक आशीर्वाद.

मंगळवारी रात्री आपण दोघांनीही आवाज चढवून फोन ठेवला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्रात निदान कुणी कुणाचे बोलणे मध्येच तोडत नाही. आजीच्या छातीच्या एक्स-रेत उजव्या बाजूला डाग दिसला आहे असे मी सांगत होते, तेव्हा पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती, आणि तू ‘हं, छान’ म्हणालास. तुझ्या मनात वावगे काही नव्हते, तू ऐकलेच नव्हतेस, हे मला कळते. मला लागले ते तेच. त्यानंतर सीटी स्कॅन झाला, तुकडा काढून तपासायला दिला आहे आणि रिपोर्ट शुक्रवारी मिळेल. तू लगेच निघून ये असे मी म्हणत नाही. टीमची जबाबदारी तुझ्याकडे नुकतीच आली आहे, आणि ती बातमी मी उपासनेनंतर पाळकसाहेबांपासून सुधामावशीच्या विहीणबाईंपर्यंत सगळ्यांना सांगितली आहे.

भांडताना तू म्हणालास, ‘माझे प्रार्थनेतसुद्धा लक्ष लागत नाही, माणसांचे काय घेऊन बसलीस?’ तू रागाच्या भरात बोललास, पण माझी झोप त्या वाक्याने उडाली, कारण मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत. सिमोन वेय नावाची एक फ्रेंच विदुषी होऊन गेली, ज्यू घरात जन्मलेली, तत्त्वज्ञान शिकवणारी. १९४३ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारली. तिने प्रभूची प्रार्थना मूळ ग्रीकमध्ये पाठ केली होती आणि ती रोज सकाळी एकदा तरी संपूर्ण लक्ष देऊन म्हणायची असा नेम धरला होता. मध्येच मन जरासे जरी भरकटले तरी ती पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करी. भूमितीचे उदाहरण सुटले नाही तरी त्यावर मनापासून दिलेले लक्ष फुकट जात नाही, तेच पुढे प्रार्थनेत आणि दुःखी माणसाजवळ बसताना कामी येते, असे तिचे म्हणणे होते. सारा जन्म फळ्यावर त्रिकोण काढण्यात गेलेल्या मला हे किती मोलाचे वाटले असेल, ते तुला समजेल.

आता मीही पहाटे तसे करून पाहते. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ठीक जाते, ‘तुझे राज्य येवो’ ठीक जाते, आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ आले की मन थेट बंगळुरूला पोचते: रात्री दोनला जेवणारा तू, समोर उघडा लॅपटॉप, ताटाकडे न बघता उचललेला घास. मग पुन्हा पहिल्यापासून. मनावर खेकसायचे नाही, त्याला परत आणून बसवायचे, एवढेच करता येते, आणि ते परत आणणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे असे मी मानते. बुधवारच्या महिला मंडळात आजाऱ्यांची नावे हजेरीपटासारखी वाचली जातात. मी मात्र हल्ली एकच नाव घेते आणि त्या माणसाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत डोळ्यांसमोर आणते. या आठवड्यात ते नाव आजीचे आहे. खरे सांगायचे तर आजीचे आणि तुझे.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय पुन्हा वाच. याईराची मुलगी मरणाला टेकली आहे, प्रभू घाईने निघाले आहेत, गर्दी अंगावर कोसळते आहे, आणि ते थांबून विचारतात, माझ्या वस्त्रांना कोणी शिवले? शिष्यांना हा प्रश्नच चमत्कारिक वाटतो. संध्याकाळी दादरच्या पुलावर कुणी असे विचारले तर आपल्यालाही वाटेल. पण बारा वर्षे रक्तस्राव सोसलेली ती बाई पुढे येते, ‘सर्व खरे’ सांगते, आणि तिचे सांगून होईपर्यंत ते ऐकत राहतात. याईर शेजारी तिष्ठत उभा असतानासुद्धा. प्रभूंच्या मागे होती तेवढी घाई तुझ्यामागे नाही रे. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, समोरच्याचे वाक्य संपू दे, त्यानंतर एक श्वास घे, मग उत्तर दे. मे महिन्यात तुझे लग्न आहे, आणि श्वेता दिवसभराचे काही सांगू लागली की तिलाही तू ‘हं, छान’ म्हणणार असशील तर… मी पुन्हा वर्ग घ्यायला लागले. रागावू नकोस.

तुला लक्ष देता येत नाही हे मी कधीच मान्य करणार नाही, कारण मी ते पाहिले आहे. २६ जुलै २००५ ची रात्र तुला अंधुक आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, वीज गेली होती, फोन बंद होते आणि बाबा कुर्ल्याच्या अलीकडे कुठेतरी अडकले होते. आजी मेणबत्तीपाशी बसून ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गायने म्हणत होती आणि तू, सहा वर्षांचा, तिच्या मांडीला टेकून जिन्यावरचे प्रत्येक पाऊल ऐकत होतास. ‘हे बाबा नाहीत’, ‘हे खालचे काका’, ‘हेही नाहीत’, असे तू रात्रभर सांगत राहिलास. उजाडता उजाडता कुणीतरी पहिल्या मजल्यावर पाऊल ठेवले तोच तू उठून दाराची कडी काढायला धावलास, आणि आम्हां दोघींना तोवर काहीच ऐकू आले नव्हते. तसे कान मी आजवर दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

आजीला डागाविषयी सांगितले आहे. ती घाबरलेली नाही, मात्र तू मंगळवारी काय म्हणालास असे तिने दोनदा विचारले, आणि मी विषय बदलला. संध्याकाळी सहानंतर ती जागी असते. फोन केलास तर तिला बोलू दे; धाप लागते म्हणून ती वाक्याच्या मध्ये थांबते, बोलणे संपलेले नसते. लाल किनारीचे पातळ काढून ठेव, असे ती काल म्हणाली; कशासाठी, ते मी विचारले नाही.

ये असे मी म्हणत नाही. उद्यान एक्सप्रेसला तत्काळमध्ये जागा मिळते असे समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा सांगत होता, आणि तत्काळचे बुकिंग आदल्या दिवशी उघडते, म्हणून कळवले.

तुझी,
आई